‘डिसमिस’चा एकच अर्थ

मित्रांनो, सकाळपासून मन थकलंय, म्हणून इथे लिहितोय.

मी निवृत्त इंग्रजी शिक्षक. आज सौंदडच्या सुमनबाई जुना इंग्रजी कागद वाचून घ्यायला आल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांचे वडील रेल्वेत सांधेवाले, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलणारे कामगार होते. पन्नासच्या दशकात त्यांच्याविरुद्ध तक्रार झाली, हा कागद आला आणि नोकरी गेली, एवढंच बाईंना ठाऊक.

कागदात ‘डिसमिस’ शब्द होता खरा. पण डिसमिस झाली होती ती तक्रार. ती फेटाळून वडिलांना कामावर रुजू व्हायला सांगितलं होतं.

मी दोनदा वाचलं आणि मग सांगितलं.

“मंग बा कामावर गेला काऊन नाही जी?” त्या म्हणाल्या. मग स्वतःच बोलल्या, “मामानं वाचून देल्लं होतं. डिसमिस म्हणजे काढून टाकलं, म्हने. घरात तोच शिकलेला.”

वडील मरेपर्यंत दुसऱ्यांच्या शेतात धान रोवत राहिले.

“मामाले नाव नोका ठेवू, सर. त्याले तेवढंच येत होतं.”

मीही तीस वर्षं मुलांकडून शब्दापुढे एकच अर्थ पाठ करून घेतला. हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही. तुम्ही सांगितलं असतं का?