कमलबाईंचा जबाब

हवालदार शालिग्राम चहा-पोहे संपवून लिहायला बसला, तेव्हा कमलबाईंचं डोकं आधीच फिरलेलं होतं. त्यांच्या लेकाला पिस्तुलाचा परवाना हवा होता. रागाच्या भरात हातातला तांब्या फेकू नये एवढंही ज्याला कळत नाही, त्या तेजसला! परवाना देण्याआधी पोलीस शेजाऱ्यांचे आणि घरच्यांचे जबाब घेतात, माणूस कसा आहे ते विचारतात. शेजाऱ्यांनी छान छान सांगून टाकलं होतं. ते तरी काय बोलणार? तेजस एरंडोलच्या रस्त्याला प्लॉट पाडून विकतो, अर्ध्या गल्लीची कामं त्याच्यापाशी अडकलेली. आता राहिली होती आई.

आणि ही आई सरकारी काडतुसांच्या कारखान्यातून निवृत्त झालेली. नवरा सुकदेव तिथेच कामाला होता. तो आजारात गेला, त्याच्या जागी ह्या लागल्या, आणि सव्वीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसल्या. समोरून काडतुसं सरकत यायची. पितळेला बारीकशी चीर दिसली की उचलून बाजूला टाकायचं. सुटताना फाटकावर झडती, पदर झटकून दाखवायचा. तरी गावात लग्नाला आल्या की कोणी तरी टवाळ विचारायचाच, "काकू, दोन-चार गोळ्या आणल्या का?"

"तुझ्या तेराव्याला आणते," कमलबाई म्हणायच्या.

आता तेच वेड घरात शिरलं होतं. धुळ्याच्या दुकानदाराने तेजसच्या मोबाइलवर फोटो पाठवले होते. हे सरकारी कारखान्याचं, हे खासगी कंपनीचं, हे काळं, हे चंदेरी. मेला लग्नाच्या साड्या दाखवल्यासारखा दाखवत होता! अर्जात कारण लिहिलं होतं, जिवाला धोका. कसला डोंबलाचा धोका? नवलभाऊच्या पोराच्या हळदीत दोन प्लॉटवाले कमरेला पिस्तूल लावून नाचले आणि ह्याच्या कमरेला नुसता पट्टा होता, हा धोका! कंपनीला माल खपवायचाय, दुकानदाराला कमिशन खायचंय, ह्याला मिरवायचंय. आणि ते पिस्तूल उशाशी ठेवलं की त्याच्या शेजारी निजायचं कोणी? त्याच्या बायकोने, रूपाने.

दिवाळीत भाजी खारट झाली म्हणून तेजसने तांब्या भिरकावला होता. सुनेची भुवई फुटली, चार टाके पडले. रूपाने डॉक्टरांना सांगितलं, पायरीवरून पडले. शेजारी उभ्या कमलबाईंनी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची त्यांना अजून शरम वाटत होती.

हवालदाराने एकही प्रश्न न विचारता पान भरलं आणि पेन पुढे केलं. "करा आक्का सही."

"काय लिखं ते वाची दखाड बरं."

"माझा मुलगा स्वभावाने शांत व निर्व्यसनी असून त्याचे कोणाशीही वाद नाहीत..."

"हे मी कधी बोलले?"

"सगळ्यांचं असंच असतं, आक्का."

"मना जबाब शे ना? मग मी सांगस ते लिख!"

दारात उभा तेजस ताडकन पुढे आला. "माय! जन्मभर गोळ्यांवरच जेवलीस ना? मला कशावर पोसलंस?"

"गोळ्यांवरच पोसलं रे! लाखो काडतुसं ह्या डोळ्यांखालून पाठवली. ती कोणाच्या अंगात शिरली, एकदा तोंड उघडून विचारलं नाही. पण तुझ्या पिस्तुलातली गोळी कोणाकडे जाईल, ते मला आजच ठाऊक आहे."

हवालदाराने नवा कागद घेतला. कमलबाईंनी तांब्या सांगितला, टाके सांगितले, त्याआधीच्या दोन थपडाही सांगितल्या. हवालदाराने मान खाजवली.

"डॉक्टरांना काय सांगितलं होतं, आक्का?"

"पायरीवरून पडली म्हणून."

"मग साहेब कोणता कागद खरा मानतील? डॉक्टरांचाच ना?"

तेजस हसला. ते खोटं कमलबाईंच्याच डोळ्यांदेखत कागदावर चढलं होतं. त्यांचा निम्मा संताप आता स्वतःवरच होता.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. रूपा पदराला हात पुसत बाहेर आली. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही. सासूला खेटून खाली बसली.

"आत जा," तेजस म्हणाला.

ती हलली नाही. "हवालदारभाऊ, माझाही जबाब घ्या," ती म्हणाली. "मी पायरीवरून पडले नव्हते."