सगळे सुखरूप असलेली गोष्ट

मी गोष्ट लिहायला शिकलो ते हैदराबादच्या आबिड्समधल्या एका सायबर कॅफेत, चार नंबरच्या खुर्चीवर. त्या खुर्चीचं एक चाक निखळलेलं होतं, त्यामुळं डावा पाय जमिनीला रेटून बसावं लागायचं. अजूनही लिहायला बसलो की डावा पाय आपोआप रेटला जातो.

तेव्हा मी सिकंदराबादला सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत, मामांच्या गलाईच्या दुकानात होतो. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत आटवायचं, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, घालून त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध करून परत द्यायचं. आमच्या सांगलीकडच्या कोरड्या गावांतली माणसं या कामासाठी देशभर पांगलेली आहेत. पोरगं सातवी झालं, की कुणाचा तरी मामा नाहीतर चुलता सुट्टीला गावी येतो आणि जाताना त्याला सोबत घेऊन जातो. मलाही तसंच नेलं. आठवीच्या पुस्तकांना मी कव्हरं घालून ठेवली होती. ती पुढं बहिणीनं वापरली.

हैदराबादला आल्यावर मामांनी मला आधी भट्टी शिकवली नाही, पत्र लिहायला शिकवलं. त्याला कारण होतं. गावी आमच्या गल्लीत कुणाचंही पत्र आलं तरी ते एकटीनं कुणी वाचत नसे. चार घरच्या आया जमायच्या, एक शिकलेली पोरगी मोठ्यानं वाचायची, आणि एकाचं दुखणं कळलं की त्या रात्री चौघींच्या चुली पेटायच्या नाहीत. म्हणून परमुलखातल्या पोरांचा नियम ठरलेला: इकडं सगळं ठीक आहे, जेवणाची आबाळ नाही, मामा जीव लावतात, काळजी नसावी. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. मी बारा वर्षं तेच पत्र लिहीत होतो, फक्त सणांची नावं बदलून.

रविवारी दुकान बंद. मी बस धरून आबिड्सला जायचो, फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागायचे त्यांत मराठी काही मिळतं का बघायचो आणि तसाच पुढं मराठी वाचनालयात जाऊन बसायचो. तिथले ग्रंथपाल काका निजामाच्या काळापासून इथंच असलेल्या घरातले. त्यांच्या मराठीत दखनी उर्दू अशी मिसळलेली, की पहिले काही महिने मला निम्मं कळायचं नाही. एका रविवारी त्यांनी फळ्यावर एक कागद टाचला. नवशिक्यांसाठी कथालेखनाचा वर्ग, इंटरनेटवर, विनामूल्य. शिकवणार होत्या पुण्याच्या एक निवृत्त शिक्षिका. मी तो कागद तीनदा वाचला. काका म्हणाले, "कायकू परेशान होऊन राहिले जी? नाव टाकून द्या. बाई काय खाऊन टाकतात का तुम्हाला?"

त्या दिवसांत गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले होते. शहर बदलत होतं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी काचेच्या दारांची दागिन्यांची दुकानं आली होती, आणि ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता. मी मात्र अर्जातल्या 'शिक्षण' या रकान्यापाशीच अडकलो. शेवटी तो कोरा ठेवला. व्यवसायात लिहिलं, व्यापार.

वर्ग रविवारी अकराला, चॅटवर. मराठी टाइप करायची सोय नव्हती, इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहायचं. घरचा अभ्यास मी वहीत करायचो आणि कॅफेवाला तो स्कॅन करून बाईंना पाठवायचा. पहिल्या दिवशी ओळखी झाल्या. एक इंजिनिअर पुण्याचा, एक डॉक्टरीणबाई अमेरिकेतल्या, कुणी बँकेत, कुणी कॉलेजात शिकवणारं. मी एका बोटानं अक्षरं शोधत होतो. माझा नमस्कार पडद्यावर उमटेपर्यंत ती मंडळी पात्रांपर्यंत पोचली होती. कॅफेवाला मागून बघत होता. म्हणाला, "क्या भई, एक घंटे में एक लाइन? कित्ता सोचते जी!"

मला एकच धास्ती होती. सातवीतून सुटलेला माणूस या लोकांत येऊन बसलाय हे कळेल आणि बाई मला उठवतील. कुणी ओरडून उठवणार नव्हतं, हे मला माहीत होतं. गोडीनं म्हणतील, तुम्ही आधी थोडं वाचा, मग या. आणि ते मला जास्त लागलं असतं.

बाईंनी पहिला धडा सोपा सांगितला. एक माणूस घ्या, त्याला काहीतरी हवं असू द्या, आणि ते मिळण्याच्या आड काहीतरी येऊ द्या. मी लिहिलं. एक पोरगा दूरच्या शहरात जातो, त्याला शेठ चांगला भेटतो, जेवण चांगलं मिळतं, दिवाळीला तो पेढे घेऊन गावी येतो. बाईंचं उत्तर आलं: तुमच्या गोष्टीत सगळे सुखरूप आहेत, मग मी पुढं का वाचू? खाली आणखी एक ओळ होती. शेवटी थोरांस नमस्कार कळवलेत, ते त्या पोराकडून की तुमच्याकडून?

मी कॅफेत एकटाच लाल झालो. सवयीनं हात तसाच चालत गेला होता.

दुसऱ्या खेपेला मी अडचण घातली. पोराची गावी जायची बस चुकते. पण लिहिताना मला राहवेना, म्हणून पाच मिनिटांत दुसरी बस आणली. बाईंनी कळवलं की बस निदान थोडी तरी उशिरा येऊ द्यायची होती. वर्गात सगळे हसले असणार. पडद्यावर हसू ऐकू येत नाही, हे एक बरं होतं.

तिसऱ्या गोष्टीनंतर बाईंनी मला वेगळी ईमेल लिहिली. तिच्यात एकच प्रश्न होता. "तुम्ही कुणाला घाबरून लिहिता?"

त्याचं उत्तर लिहायला मला तीन रविवार लागले. पत्रांचं सगळं सांगितलं. जमणाऱ्या आया, मोठ्यानं वाचणारी पोरगी, मामांचा नियम. शिक्षणाचं मात्र सांगितलं नाही. बाईंनी लगेच कळवलं, "जे पत्रात लिहिता आलं नाही, त्याचीच गोष्ट करा. आईला पाठवायची नाही. मला पाठवा."

पत्रात न लिहिलेलं माझ्याकडं एक होतंच. चार वर्षांपूर्वी तेजाबाचा काचेचा चंबू माझ्या हातात तडकला होता. डावा तळहात आधी पिवळा पडला, मग कातडं सुटलं. मामांनी नळाखाली माझा हात धरून ठेवला, स्वतः रडले आणि त्याच आठवड्यात मला पत्र सांगितलं: तब्येत छान आहे. उजव्या हातानं लिहिता येत होतं, पण कागद दाबून धरायला डावा हात नव्हता. म्हणून मी कागदावर सोनं आटवायची मूस ठेवली. मूस म्हणजे मातीची वाटी, भट्टीत काळी पडलेली. कागदाच्या कोपऱ्यात तिचं काळं वर्तुळ उमटलं. पुसायला गेलो तर पसरलं. तसंच पाकिटात घातलं.

मी तेच लिहिलं. माझ्या पोराला एवढंच हवं होतं, की पत्रावरून आईला काही कळू नये. आणि आड आलं ते काळं वर्तुळ. शेवट मी मनानं रचला. गोष्टीतली आई वाचणाऱ्या पोरीला थांबवते, वर्तुळावर बोट ठेवते आणि विचारते, इथं काय लिहिलंय? पोरगी म्हणते, काही नाही.

लिहिताना लक्षात आलं, की तेजाब, भट्टी, नारिंगी धूर हे सगळं घातल्याशिवाय गोष्ट उभीच राहत नाही, आणि ते घातलं की माझा 'व्यापार' उघडा पडतो. मी वही दोन आठवडे मिटून ठेवली. मामा विचारायचे, रविवारी इंटरनेटवर पोरगी बघतोस का रं? शेवटी मनात म्हटलं, उठवलं तर उठवलं, पण ही गोष्ट त्यांनी वाचायला हवी. आणि पाठवली.

बाईंनी ती सगळ्यांना वाचायला दिली. त्या रविवारी मी खुर्चीवर बसलो तर पडद्यावर प्रश्नच प्रश्न. तेजाबातून निघालेलं सोनं खरंच विटकरी मातीसारखं दिसतं का, हे पुण्याच्या इंजिनिअरला हवं होतं. मी एका बोटानं उत्तर देत होतो. आणि माझं वाक्य पुरं होईपर्यंत, त्या दिवशी पहिल्यांदा, बाकीचे सगळे थांबले. पडदा कोरा. मग माझं वाक्य. मग पुन्हा प्रश्न.

त्याच जोरात मी लिहून टाकलं, माझं शिक्षण सातवी.

मग अमेरिकेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हाताला मलम कुठलं लावलं होतं? आणि बाईंनी लिहिलं, "पुढच्या रविवारी संवाद. सगळ्यांनी हीच गोष्ट पुन्हा वाचून या."

मी उठून कॅफेवाल्याला दोन चहा सांगितले, एक त्याच्यासाठी.

त्या वर्षी बाईंनी वर्गातली एकच गोष्ट एका दिवाळी अंकाला धाडली, माझी. परिचयासाठी दोन ओळी मागितल्या. मी लिहिलं, शिक्षण सातवी, गलाईचं काम करतो. तसंच छापलं. बाईंनी अंकाची एक प्रत परस्पर गावच्या पत्त्यावर पाठवली. पत्ता मीच दिला होता, देताना इतकं पुढचं सुचलं नव्हतं.

बहिणीनं ती गोष्ट पत्रासारखी मोठ्यानं वाचली. चारी आया बसलेल्या. दुसऱ्या दिवशी आईनं एसटीडी बूथवरून दुकानात फोन केला. मामांनी रिसीव्हर मला दिला आणि भट्टीशी जाऊन उभे राहिले.

"कुठला हात रं?"

"डावा."

आई म्हणाली, "ते काळं गोल मी तवाच बघितलं हुतं. विचारलं न्हाई. म्हटलं, सांगंल कवातरी."

मी शेवट रचला असं मला वाटत होतं. आईनं तो चार वर्षं आधीच, न विचारता, करून ठेवला होता. फोन ठेवताना ती म्हणाली, गोष्ट चांगली आहे, पण त्या पोराची आई आणखी एकदा विचारती, तू तिला लई लवकर गप केलंस. बाईंनाही ते पटलं.

नंतर महिनाभर गल्लीतल्या गलाईच्या सगळ्या दुकानांत मला शिव्या बसत होत्या. प्रत्येकाच्या घरून पत्र आलं होतं, खरं काय ते लिहा. कुणाची पाठ, कुणाचा खोकला, कुणाचं भाजलेलं बोट, सगळं निघायला लागलं.

एका रविवारी मी आबिड्सला निघालो होतो, तर मामांनी दारात अडवलं. हातात कोरा कागद. म्हणाले, "गावाकडं तुझी मामी ऐकंना. माझ्या गुडघ्याचं लिहायचंय. तूच लिही." मी वही टेकवून बसलो. मामांनी स्वतःच्या हातानं कागदाचा कोपरा दाबून धरला.

"आन आसं लिही," ते म्हणाले, "की ती पुढं वाचंल."