करवंटीतली मेणबत्ती

दुल्सिनमावशी दुधाची पिशवी आधी उजेडात धरून बघते, मग घरात घेते. पापलेटचे कल्ले सगळ्याच बायका उघडून बघतात, पण ती कोळणीची बोटंही बघते, लाल रंग लागलाय का म्हणून. नवे फादर तिच्याशी दोन शब्द गोड बोलले तर घरी येऊन मला सांगते, "काहीतरी मागणार बघ हा." सिमेट्री सांभाळणारा दादू उरलेल्या मेणबत्त्या वितळवून पुन्हा आपल्यालाच विकतो, याची तर तिला खात्रीच आहे. अंधेरीतल्या आमच्या गावठाणात तिचं आणि माझं घर एका भिंतीचं. लग्न होऊन मी इथे आले तेव्हापासून तिचे संशय ऐकतेय. कान किटले, पण भिंत काही हलवता येत नाही.

या जगात एकच माणूस तिच्या तावडीतून सुटला होता, तो म्हणजे तिचा नवरा. गाब्रियलकाका साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. तेलाचा वास घेऊन घरी यायचे, आंघोळ करायचे, ओट्यावर बसून गल्लीतल्या पोरांचा कॅरम बघायचे. त्यांच्या शर्टाचा खिसा मावशीने कधी चाचपला नाही. मूलबाळ नव्हतं. दोघंच एकमेकांना पुरून उरलेली. "याच्यावर संशय घ्यायला जागाच नाही गो," असं ती म्हणायची, आणि हे म्हणताना तिचा चेहरा वेगळाच दिसायचा.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात काका झोपेतच गेले. चर्चच्या मागच्या सिमेट्रीत त्यांना ठेवलं. मावशीने दर महिन्याला त्यांच्या नावाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सांगून ठेवली. वेदीवरून त्यांचं नाव वाचलं की ती मान ताठ करून आजूबाजूला बघायची, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून.

मग नोव्हेंबर आला. मृतांच्या दिवशी संध्याकाळी सिमेट्रीतच मिस्सा असते, फादर प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडतात. त्याआधी घरची माणसं जाऊन कबर साफ करतात, फुलं ठेवतात. आम्ही दुपारीच झाडू घेऊन गेलो, तर काकांची कबर आधीच कुणीतरी झाडलेली. क्रुसाला निशिगंधाचा हार, आणि खाली नारळाच्या करवंटीत, वाऱ्यापासून जपून लावलेली मेणबत्ती.

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. दादूला विचारलं, त्यालाही ठाऊक नव्हतं. मेणबत्ती विझवायला तिचा हात धजला नाही, पण हार तिने काढला आणि बाजूच्या भिंतीवर ठेवून दिला. घराच्या दाराशी आल्यावर म्हणाली, "बाई आहे."

कशावरून, मी विचारलं.

"करवंटी आतूनबाहेरून घासलेली होती. पुरुष करवंटी घासत बसत नाही."

वर्कशॉपमधला कुणी मित्र असेल, त्याच्या बायकोने दिली असेल, असं मी सांगून पाहिलं. पण तिचं आयुष्यभराचं कसब आता एकाच माणसावर चालू झालं होतं. शनिवारी काकांना उशीर का व्हायचा? एकदा नवा डबा घेतला होता तो आठवड्यात हरवला कसा? मरणाच्या आधीच्या नाताळात ते उगाच गप्प का होते? मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिला हवं तसंच मिळत गेलं.

डिसेंबरात वेदीवरून काकांचं नाव आलं नाही. मला वाटलं, चर्चच्या ऑफिसात विसरले. बाहेर आल्यावर मावशी शांतपणे म्हणाली, "मीच नको सांगितलं. बसू दे त्याला शुद्धिस्थानात थोडा. घाई काय आहे?"

मला मनापासून राग आला. आमची श्रद्धा अशी की, मेल्यावर आत्मा शुद्धिस्थानात थांबतो आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थना त्याला पुढे नेतात. भांडण कितीही असो, त्या प्रार्थनेत कुणी हात आखडता घेत नाही. कन्फेशनला जा, फादरपुढे पाप कबूल कर, मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ते त्याने करायला हवं होतं. पण त्या नाताळात तिने केक केला नाही, घरावर तारा लावला नाही. रात्री भिंतीपलीकडून टीव्हीचा आवाज यायचा तोही बंद झाला. शिक्षा ती काकांना देत होती, पण भोगत होती स्वतःच.

फेब्रुवारीत ती एकदा कुणाच्या तरी दफनाला गेली आणि धापा टाकत परत आली. काकांच्या कबरीवर पुन्हा करवंटी होती, मेण अजून मऊ होतं.

"ना त्याचा वाढदिवस, ना आमच्या लग्नाचा दिवस," ती म्हणाली. "म्हणजे तो त्यांच्या दोघांचा काहीतरी दिवस असणार."

खरं सांगायचं तर त्या दिवशी मीसुद्धा गप्प बसले. गाब्रियलकाका माझ्याशीही फार बोलायचे नाहीत, आणि कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल काहीही खरं असू शकतं असं मला वाटून गेलं. संशय हा असाच. शेजारच्या घरातून भिंत ओलांडून येतो.

पुढच्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, मावशीने मला सकाळीच उठवलं. दोघी सिमेट्रीत जाऊन काकांच्या मागच्या रांगेत, एका अनोळखी माणसाच्या कबरीपाशी बसलो. हातात जपमाळ, डोळे फाटकावर. असली रोझरी देवाने मोजली नसणार.

ऊन चढायला लागलं तेव्हा ती आली. पन्नाशीची, अंगाने बारीक, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. "आपल्यातली नाही," मावशी पुटपुटली. नगरकडून येऊन साकीनाक्याच्या वस्त्यांत राहिलेल्या मराठी ख्रिस्ती लोकांबद्दल आम्ही गावठाणवाले असं म्हणतो. चर्च एकच, देव एकच, तरी म्हणतो. आणि साकीनाका म्हटल्यावर मावशीच्या डोक्यात काय आलं असेल ते मला कळलं.

बाईने पिशवीतून हातझाडू काढून कबर झाडली. करवंटी ठेवली, मेणबत्ती लावली, गुडघे टेकले. मावशी उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेले, कारण हात उगारला तर धरायला कुणीतरी हवं होतं.

"तू गाब्रियलची कोण?"

बाई दचकून उठली. तिने क्रुसावरच्या नावाकडे बघितलं, मग मावशीकडे. "तुम्ही त्यांच्या मिसेस का?" ती म्हणाली. "मी कोणी नाही, ताई. माझा निलेश इथे होता. तुमच्या मिस्टरांच्या आधी."

निलेश तिचा मुलगा. ऐन पंचविशीत काविळीने गेला, फेब्रुवारीत. मुंबईत जागा कमी. ज्यांची स्वतःची कबर नाही त्यांना दोन-तीन वर्षं मिळतात, मग अस्थी काढतात आणि त्याच मातीत दुसऱ्याला ठेवतात. हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. तरी काकांच्या खाली, काकांच्या आधी, कुणी असेल हे आमच्या दोघींच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. निलेशच्या अस्थी बाकीच्यांबरोबर सिमेट्रीतल्या अस्थींच्या मोठ्या विहिरीत गेल्या. तिथे कुणापुढे मेणबत्ती लावायची ते तिला कळत नव्हतं, म्हणून ती इथेच येत राहिली.

मावशीचा संशय असा सहजासहजी मरणारा नव्हता. "मग हार गाब्रियलच्या क्रुसाला कशाला?"

"आधी त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणते," बाई म्हणाली. "मग माझ्या पोरासाठी. त्यांची जागा आहे ना आता. असंच कसं बसायचं येऊन? घरीसुद्धा रोज रात्री दोघांचं नाव घेते मी."

वर्षभर ज्याचं नाव मावशीने स्वतः बंद पाडलं होतं, ते नाव साकीनाक्याच्या एका खोलीत रोज घेतलं जात होतं. मग ती कबरीच्या काठावर बसली आणि रडली. काका गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. त्या बाईने, शेवंती तिचं नाव, पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्यापुढे धरली. मावशीने ती उजेडात न बघता तोंडाला लावली.

पुढच्या रविवारी वेदीवरून दोन नावं वाचली गेली, गाब्रियल आणि निलेश. मावशीने मान ताठ करून आजूबाजूला बघितलं.

दूधवाला, कोळीण, दादू यांची मात्र अजून सुटका नाही. फादर तर नाहीच नाही.

गेल्या वर्षी काकांची मुदत संपली. अस्थी काढल्या, तिथे नवा क्रूस आला, नवं नाव आलं. मृतांच्या दिवशी मावशी आणि शेवंती दोघी घासलेल्या करवंट्या घेऊन तिथे गेल्या, मीही गेले. मेणबत्त्या लावून होतात न होतात तोच माझं लक्ष गेलं. नळापाशी पांढऱ्या ओढणीतली एक तरुण बाई उभी होती. हातातली फुलं तिने घट्ट धरली होती आणि ती आम्हा तिघींना एकेक करून निरखत होती. ती नजर मी चांगलीच ओळखते.

मावशीनेही ओळखली. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, थेट त्या बाईपर्यंत चालत गेली आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाली, "मी तुझ्या नवऱ्याची कोणी नाही."