थरथरती पट्टी

देवासच्या राजवाड्यात विजेचे दिवे नवे होते, तेव्हा डायनामोची गती तपासायला इंदुराहून एक माणूस येई. त्याच्याकडे एक चपटी पेटी असे. तिच्यात हार्मोनियमच्या आतल्या सूरपट्ट्यांसारख्या पोलादी पट्ट्या ओळीने बसवलेल्या होत्या. पेटीची तार डायनामोला जोडली की नेमकी एकच पट्टी थरथरू लागे, आणि तिच्याखालचा आकडा म्हणजे डायनामो फिरवणाऱ्या इंजिनाची गती.

मी इंजिनघरात कारकून होतो, आणि संध्याकाळी भजनात तबल्याला बसत असे. एकदा विचारलं, "ही एकटीच का हलते?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. फार शिष्ट दिसतो, असं मी पुटपुटलो. तेवढ्यात त्याने वळून माझ्या ओठांकडे पाहिलं.

"जोरात बोला, भिया. बॉयलरांपाशी कान गेले माझे. ही पेटी नसती तर घरीच बसलो असतो."

मी ओरडून विचारलं.

"जिची लय इंजिनाशी जुळते, तीच हलते," तो म्हणाला. मग इंजिनाकडे बोट करून, "पण आवाज कसा येतो हो याचा?"

मला सांगता येईना. रोज तिथे बसूनही मी तो कधी ऐकलाच नव्हता. आता कान देऊन ऐकला, त्याचा हात धरला आणि मनगटावर बोटांनी तोच ठेका वाजवू लागलो.

त्याने आधी पेटी मिटली, मग डोळे.