स्पिरिटचा बोळा

श्रावणने बांधलेली गाठ सुटली असं कधी झालं नाही. महाल वस्तीत त्याच्या बापाचा हातमाग होता, आणि तुटलेला धागा बापलेक असा जोडत की लुगड्यावरून बोट फिरवलं तरी कळू नये. माग बंद पडला तेव्हा श्रावण सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून लागला. दारूबंदीचे दिवस होते. दारूच्या संशयावरून पकडलेल्या माणसांना पोलीस रक्त तपासायला तिथंच आणत. श्रावण त्यांचा दंड पुसून द्यायचा, डॉक्टर सुई टोचायचे, मग बाटलीच्या तोंडाला दोरा गुंडाळून तो लाखेचं सील लावायचा. "बाटली फुटेल, पण तुझी गाठ सुटायची नाही," डॉक्टर म्हणत. ते ऐकून दिवसभर त्याला बरं वाटे.

अशाच एका मे महिन्यात, भर दुपारी, हवालदार भैयाजीला घेऊन आला. भैयाजी श्रावणच्या गल्लीतला, मिलमध्ये कामाला, भजनात खंजिरी वाजवणारा. पाळीवरून परतताना ऊन लागून तो चौकात सायकलसकट पडला होता. डोळे लालबुंद, पाय लटपटत होते, आणि तोंडाला कांद्याचा वास.

"दारूचा वास मारायले कांदा खाल्ला साल्यानं," हवालदार म्हणाला.

"ऊन लागू नये म्हणून हाय जी तो." भैयाजीने खिशातला दुसरा कांदा काढून दाखवला. "श्रावण, तू तरी सांग ना गा यायले. मी कधी पेलो का?"

"भेऊ नको. रक्तात सगळं दिसते."

श्रावणने स्पिरिटचा बोळा घेतला. इतरांना तो एकदा पुसायचा, भैयाजीला त्याने दोनदा पुसलं. आपला माणूस, सुईची जागा पिकायला नको. दंड ओला होता तोच डॉक्टरांनी घाईत सुई टोचली.

महिन्याभराने अहवाल आला. रक्तात दारू सापडली होती. श्रावणलाही वाटलं, माणूस आतून वेगळाच निघाला. त्याने भजनाला जाणं सोडलं. रस्त्यात भैयाजी दिसला की तो मान वळवी.

मग प्रमोदिनी नावाच्या नव्या डॉक्टरीण बाई आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी श्रावणचा हात धरला. "हे काय? रक्तात दारू शोधायची आणि स्पिरिटनं पुसायचं? स्पिरिट म्हणजेही दारूच. अशा वेळी साबणाचं पाणी घ्यायचं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

कोणी सांगितलं नव्हतं. सुईआधी स्पिरिट, एवढंच शिकवलं होतं. तसं पुसत त्याला नऊ वर्षं झाली होती.

भैयाजीचा खटला मंगळवारी होता. "जाऊन सांगून टाका," श्रावणची बायको मैनाबाई म्हणाली. भाकरी थापता थापता ती थांबली. "नोकरी तं नाही जाणार ना पण?"

श्रावण कोर्टात गेला, मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. सील शाबूत होतं का, असं न्यायाधीशांनी विचारलं. शाबूत होतं, जुने डॉक्टर म्हणाले, गाठसुद्धा जशीच्या तशी. भैयाजीने वळून श्रावणकडे पाहिलं. श्रावणने खाली पाहिलं. तीन महिन्यांची सजा झाली. मिलने नाव काढून टाकलं.

दीड वर्षाने, दिवाळीच्या तोंडावर, तोच हवालदार भैयाजीला पुन्हा घेऊन आला. या खेपेला दारूचा वास दारातूनच आला. श्रावणने साबणाच्या पाण्याची वाटी पुढे ओढली. हवालदार कागद लिहीत होता.

"भैयाजी," श्रावण हळूच म्हणाला, "मागच्या वेळी माह्या स्पिरिटनं बिघडलं गा. तू पेला नव्हता."

भैयाजी हसला. "मले काय सांगून राहिला? मले तं माहीतच होतं."

आणि बाही वर सारून त्याने आपणहून हात पुढे केला. श्रावणने दंड साबणाच्या पाण्याने पुसला, कोरडा होईपर्यंत थांबला. रक्त काढून झाल्यावर त्याने बाटलीला दोरा गुंडाळला आणि नेहमीसारखीच घट्ट गाठ मारली.