शामराव मिस्त्रींचा कान

पंपाच्या जाळीत कचरा साठतो, तसे आमच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात किस्से साठतात. अधूनमधून झाडून काढले नाहीत तर पाणी पुढं सरकत नाही. आम्ही स्विमिंग पूलचे पंप बसवतो आणि दुरुस्त करतो. आम्ही म्हणजे शामराव मिस्त्री, आणि त्यांच्या हाताखाली पंधरा वर्षं काढलेला मी. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावली, की मिस्त्री आतल्या बेअरिंगची तब्येत सांगतात. आजवर एकदाही चुकले नाहीत. मला त्यांचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

*

कागलच्या एका पाटलांनी फार्महाऊसवर पूल बांधला आणि उसाच्या विहिरीवरचा साडेसात हॉर्सपॉवरचा पंप स्वतःच जोडला. बटण दाबलं, फिल्टर आतून फुटला आणि त्यातली सगळी वाळू पुलात!

"पावणं, ऊस पाजायचाय का नातवंडं पोहवायची हायत?" मिस्त्रींनी विचारलं. "फिल्टरला झेपंल तेवढाच पंप घ्यायचा."

दीड हॉर्सपॉवरचा बसवला. तळाच्या फरश्या मोजता यायला लागल्या, पण पाटलांचं तोंड उतरलेलंच. "एवढासा पंप पै-पावण्यास्नी दावू कसा?"

शेवटी जुना पंप लाल रंगवून शेजारी मांडला. तो कशालाच जोडलेला नाही. दसऱ्याला हार मात्र त्यालाच असतो.

*

एका सोसायटीत दर सोमवारी पंप धापा टाकायचा. जाळी उघडली तर आत गजरेच गजरे. सकाळच्या बॅचच्या बायका रविवारी कुठं लग्नाला जाऊन यायच्या आणि केसांतला गजरा तसाच घेऊन पाण्यात उतरायच्या.

मिस्त्री म्हणाले, "गजरं काढून पोहत जावा की."

बॅचमधल्या रिटायर्ड बाई मागं हटणाऱ्या नव्हत्या. "मिस्त्री, पंप आमच्यासाठी हाय का आम्ही पंपासाठी?"

मिस्त्रींनी पहिल्यांदाच हार मानली. दुसऱ्या दिवशी गेले आणि पुलाच्या काठावर गजऱ्यांसाठी बारा खिळ्यांची फळी ठोकून आले.

*

राधानगरीकडं एका रिसॉर्टचं काम संपलं तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता. मॅनेजर नवा होता, शंकेखोर होता. "पाणी स्वच्छ झालंय याची गॅरंटी काय?"

मिस्त्रींनी शर्ट काढला, चष्मा माझ्याकडं दिला आणि साठीच्या वर वय असताना सूर मारला. तीन फेऱ्या मारून, दात वाजवत वर आले, तोंडातली पाण्याची चूळ लांब टाकली आणि म्हणाले, "ही."

*

दोन वर्षांपूर्वी मुलीनं त्यांना कानाचं मशीन आणून दिलं. ते कायम खिशात असतं. आमचं बोलणं त्यांना दोनदा सांगावं लागतं, हे खरं. पण "कान गेलाय" असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नाही. एकदाच म्हणाले होते, "ज्या दिवशी कान गेला असं मीच म्हणीन, त्या दिवशी पाना खाली ठेवीन." तेव्हापासून वर्कशॉपात हा विषय कुणी काढत नाही.

*

आणि हा पन्हाळ्याचा. एका हॉटेलात बिनआवाजाचा नवा पंप बसवायचा होता. मी एकट्यानं बसवला. मालक त्या दिवशी गावाला गेला होता. दुसऱ्या दिवशी मिस्त्री तपासायला आले. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "पाणी वडत न्हाय ह्यो."

मालक हसला. "चालू हाय की मिस्त्री. लाईट बघा."

मलाही पंप ठीकच वाटत होता. मिस्त्रींनी पाना खाली ठेवायचा तो दिवस आजच उगवला की काय!

मिस्त्रींनी आंब्याचं एक पान उचललं आणि पुलात, पाणी ओढून घेणाऱ्या तोंडापाशी सोडलं. पान जागचं हललं नाही. मोटर नुसतीच फिरत होती. त्यांनी पंपाचं झाकण उघडलं. खालची रबरी रिंग दुमडली होती आणि तिथून आत हवा शिरत होती. रिंग नीट बसवली, पंपात पाणी भरलं, बटण दाबलं. पान गर्रकन वळलं आणि आत गेलं.

मालकाचं हसू गेलं होतं. "कुणी बसिवलंतं हे झाकण?"

माझी मान खाली गेली. मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हर पुसत राहिले.

"मिस्त्री, झाकण कुणी बसिवलंतं?" मालक ओरडला.

मिस्त्रींनी कानामागं हात धरला. "ऐकू येत न्हाय, पावणं. कान गेलाय माझा."