मायच्या पोटाचा दुभाषी

तेलंगणातल्या आमच्या मराठी घरात तेलुगूचं खातं माझ्याकडे. तहसीलचा कागद असो की बँकेतली बाई, माय मला पुढं ढकलते आणि मागून सांगते, "मास्तर हाय आमचा, फाडफाड बोलते." दहावीला तेलुगूत मी दोनदा नापास झालो होतो, हे तिला अजून माहीत नाही.

त्या मार्चात मायचं पोट दुखू लागलं. बायको लेकीच्या बाळंतपणाला उटनूरला गेलेली, म्हणजे घरचा डॉक्टरही मीच. पहिल्या दिवशी ओवा दिला. दुसऱ्या दिवशी बेंबीभोवती हिंग लावला. तिसऱ्या दिवशी ताप चढला, तेव्हा गॅस डोक्यात गेला असं माझं निदान. चौथ्या सकाळी तिचं पोट हाताला पोळपाटासारखं कडक लागलं आणि माझी डॉक्टरकी संपली. आमच्या बाजारहत्नूरहून जीप करून आदिलाबादचा दवाखाना गाठला. दर खड्ड्याला ती कण्हायची. ड्रायव्हरला हळू चालव म्हणावं की जोरात, तेच मला कळेना.

डॉक्टरीणबाई तेलुगू. पोट दाबून पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "आत काहीतरी फुटलंय. बहुतेक आतडं," ती तेलुगूत म्हणाली. "मास्टारू, आईला विचारा. पाळी गेल्यानंतर खालून कधी रक्त, पाणी, पू? वास?"

मी अठ्ठेचाळीस वर्षांचा, दोन पोरींचा बाप, शाळेत विज्ञान शिकवणारा. प्रजननाचा धडा मात्र पोरांना घरूनच वाचून यायला सांगतो.

"काय म्हणून राह्यली रे?" मायनं विचारलं.

"विचारते, सकाळी काय खाल्लं?"

"चहा. अन् दोन बिस्कुटं."

मी वळलो आणि ठाम आवाजात तेलुगूत सांगितलं, "तसलं काही नाही."

डॉक्टरीणबाईनं चष्म्यावरून पाहिलं. "मला मराठी येत नाही. पण चहा-बिस्किट कळतं. मी विचारलं काय, ती सांगते काय? तुम्ही बाहेर व्हा."

खाटा ढकलणारी एक आया मराठी निघाली. तिला आत बोलावलं. मी पडद्याबाहेर उभा राहिलो, आणि ऐकू सगळं येत होतं.

"सा महिने झाले, घाण पाणी जाते. लय वास. मंग आठ दिवसांपासून बंद झालं. मले वाटलं, बरं झालं."

"घरी काऊन नाई सांगतलं, मावशी?"

"कोनाले सांगू? सुनेले सांगतलं त थे त्याले सांगन. अन् थो मास्तर, साऱ्या गावाले शिकवते!"

पडद्याबाहेर सगळ्या गावाला शिकवणारा घाम पुसत होता.

मग धावपळ झाली. सोनोग्राफीवाला आला, सर्जन आला. डॉक्टरीणबाईनं मला भिंतीशी घेतलं. वयानं गर्भपिशवीचं तोंड आकसून बंद झालं असावं, आत पू साठत गेला, आणि आता ती पिशवीच फुटली असावी. "फार क्वचित होतं असं. कुणाच्या डोक्यात लवकर येत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर विचारत होते."

ऑपरेशनच्या कागदावर मी न वाचताच सही केली.

दुपारभर बाकावर बसलो. तिला काही झालं असतं, तर शेवटी मी तिच्याशी बिस्किटाबद्दल खोटं बोललो होतो, एवढंच उरलं असतं. ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं. सर्जन म्हणाले, पिशवीच्या माथ्याला भोक होतं, पोटभर पू. पिशवी काढली, पोट धुतलं, आतडी शाबूत. माय आहे.

मी "थँक्यू" मराठीत म्हणालो की तेलुगूत, आठवत नाही.

आठव्या दिवशी काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा कागद आला, कॅन्सर नव्हता. डॉक्टरीणबाई खाटेशी आली आणि मला म्हणाली, "विचारा, संडास साफ होते का? खालून काही जातं का?"

मी छाती भरून घेतली आणि शब्दाला शब्द, मराठीत, विचारलं. अख्खा वॉर्ड वळून पाहू लागला.

"हळू बोल ना बाप्पा!" मायनं पदर तोंडावर घेतला. "मी काय बहिरी हाय?" मग पदराआडून म्हणाली, "होते साफ. अन् जात नाई काईच. सांग तिले."

मी तसंच सांगितलं.